कयाकवरचा आरसा

“आवाज बंद करून चालतं का, ते दाखवा,” इनास म्हणाला.

पणजीच्या त्या दुकानातील तरुण विक्रेता क्षणभर थबकला. पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारी तीन यंत्रे त्याने आमच्यापुढे मांडली होती. मधले रंगीत पडद्याचे आणि सर्वांत महाग. मासा जवळ आला की ते मंजुळ घंटा वाजवी, आणि त्या घंटेची थोरवी सांगण्यात त्याने नुकतीच पाच मिनिटे खर्ची घातली होती. इनासने प्रत्येक यंत्राबद्दल आपले ठरलेले तीन प्रश्न विचारले होते. वजन किती? बॅटरी किती वेळ? पाण्यात पडलं तर? वस्तू कोणतीही असो, हे तीन प्रश्न तो याच क्रमाने विचारी. हा चौथा प्रश्न मात्र नवा होता.

आवाज बंद करता येतो, परंतु मग मासा आल्याचे कळणार कसे, असे विक्रेत्याने नम्रपणे विचारले.

“दिसलं पाहिजे,” इनास म्हणाला. “लांबनं, उन्हात दिसलं पाहिजे.”

अखेर त्याने कोपऱ्यातील चौथे यंत्र मागून घेतले. काळापांढरा पडदा, बोटभर उंचीचे ठळक आकडे, आणि मासा आला की लुकलुकणारा एक तांबडा दिवा. हे जुने आहे, परत पाठवायचे ठरले आहे, असे विक्रेता सांगत असतानाच इनासने ते बांधायला सांगितले. मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो. त्या दिवसांत मी फार मान डोलावत असे.

या गोष्टीला आता सोळा वर्षे होतील. इनास बारदेस्कर आणि मी आजऱ्याच्या शाळेत एकाच बाकावर बसलो. पुढे त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले आणि मी माझ्या वडिलांची वेदपाठशाळा चालवू लागलो. तो रविवारी प्रार्थनेला जाई, मी त्रिकाळ संध्या करी. सायंकाळी मात्र दोघांची बैठक त्याच्या दुकानातच, उघड्या पडलेल्या रेडिओंच्या मधोमध. त्याला नदीचे वेड होते. चाळीस वर्षे तो गळ टाकीत आला होता, आणि निवृत्त झालो की तुझ्याबरोबर एकदा नदीने खाली येईन, असे वचन मी त्याला तारुण्यात देऊन बसलो होतो. मासा मारायचा नाही, एवढी माझी अट. त्यावर तो हसून म्हणाला होता की, दर्शन घेऊन सोडून देऊ.

माझ्या त्रेसष्टाव्या वर्षी त्याने ते वचन मागितले. गोव्यातील एका बंद पडलेल्या हॉटेलकडून त्याने दोन बैठकींची जुनी कयाक, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, मिळवली होती. फाल्गुनात तीन दिवस जंगलातून नदीने जायचे, असा बेत होता.

मला नाही म्हणवेना, आणि हो म्हणताना भय वाटले. त्याचे कारण मी कोणालाही सांगितले नव्हते. माझे कान गेले होते.

प्रथम गेले ते पक्षी. मग घरातील कुकरची शिट्टी गेली. मग माणसांची वाक्ये शेवटाकडून झिजू लागली. जी विद्या केवळ कानाने आली आणि कानानेच पुढे जायची, तिच्या पाईकाला हे सोसण्यासारखे नव्हते. एकोणीस वर्षे मी आमच्या सभेच्या वेदपाठ परीक्षेचा मुख्य परीक्षक होतो. विद्यार्थी समोर बसून म्हणतो, परीक्षक ऐकतो, आणि एक स्वर चुकला तरी बोट वर करतो. माझ्या बोटाचा त्या पंचक्रोशीत दरारा होता. कान गेल्याचे कळले असते तर ते आसन त्याच दिवशी सुटले असते, आणि त्या आसनाखेरीज माझ्यापाशी दुसरे काही आहे असे मला वाटत नसे.

वर्णांची उच्चारस्थाने शिकवण्यात माझे आयुष्य गेले होते, म्हणून ओठ वाचणे मला सहज साधले. ओठांवरचे आणि दातांवरचे वर्ण दिसतात. कंठातले दिसत नाहीत, ते अंदाजाने भरावे लागतात. स्वरांची चढउतार मात्र कोणत्याच ओठांवर दिसत नाही. गेल्या परीक्षेत मी प्रत्येक विद्यार्थ्याला दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसवले. सात जण बसले, सातही उत्तीर्ण झाले. लोक म्हणाले, शास्त्रीजी वयाने मवाळ झाले. पुढची परीक्षा वैशाखात होती.

आणि कयाकमध्ये एकामागे एक बसायचे असते. पुढच्याला मागच्याचे तोंड दिसत नाही.

मी मागे बसतो, असे मी दोनतीनदा सुचवून पाहिले. इनासने ऐकले नाही. “मागच्याला होडी वळवाय लागती,” तो म्हणाला. “तू संध्येच्या पळीनं वळवणार हाय काय?”

निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने सारे सामान दुकानात मांडले आणि ताणकाट्याला अडकवून एकेक वस्तू तोलू लागला. आम्हा दोघांचे वजन वजा जाता कयाकला आणखी बावीस किलो सोसणार होते. त्याने स्वतःची दुसरी काठी काढून टाकली. घडीची खुर्ची काढली. सुकट तर त्याने आणलीच नव्हती, उलट माझ्या भातासाठी कोरे पातेले विकत घेतले होते. आणि एवढी काटकसर केल्यावर त्याने एका जुन्या स्कूटरचा आरसा, लोखंडी दांड्यासह, सामानात ठेवला.

हे पाऊण किलो कशासाठी, असे मी विचारले. तो म्हणाला, मागे पाण्यात सोडलेली गळाची दोरी कुठे अडकली तर दिसायला नको का? हा आरसा कयाकच्या टोकाला, माझ्यापुढे बसवायचा होता. मागे तो स्वतः बसणार असताना मागचे पाहायला माझ्यापुढे आरसा हवा, हे मला पटेना, आणि तसे मी त्याला तर्कशुद्ध रीतीने समजावून दिले.

“तू बघायचं आणि मला सांगायचं,” तो म्हणाला. “नुसतं बसून कसं चालंल?”

त्याच्या निवडीतील चमत्कारिक गोष्टी एवढ्यावर संपत नव्हत्या. चाळीस वर्षे त्याच्या काठीच्या टोकाला पितळी घुंगरू असे. मासा लागला की ते वाजे. ते काढून त्याने तेथे लाल कापडाचा तुकडा बांधला. शिट्टी एकच घेतली, आणि ती माझ्या लाइफ जॅकेटला अडकवली. तुझी कुठे, असे विचारल्यावर दुसरी मिळाली नाही म्हणाला. त्या दुकानात शिट्ट्यांची काचेची बरणी भरलेली मी स्वतः पाहिली होती. शिवाय एक लांब निळी दोरी होती. तिचे एक टोक माझ्या जॅकेटला आणि दुसरे त्याच्या मनगटाला बांधायचे होते. एक हिसका म्हणजे इकडे बघ, दोन म्हणजे ये, तीन म्हणजे असशील तसा ये. त्याने ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतले, जणू तो गुरू आणि मी नवा शिष्य.

“माशाला आवाज खपत न्हाई,” एवढेच कारण त्याने या सर्वांना दिले.

मी ते मानले. मला ते मानायचेच होते. तीन दिवस कोणी बोलणार नाही, हे माझे केवढे भाग्य, असे मनाशी म्हणत मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कयाक पाण्यात लोटण्यापूर्वी त्याने मला समोर उभे करून एक गोष्ट सांगितली. वर धरण आहे. शेतीसाठी केव्हा पाणी सोडतील याचा नेम नाही, परंतु सोडण्यापूर्वी भोंगा होतो. भोंगा झाला की हातातले टाकून काठ धरायचा. मी मान डोलावली. तो माझ्याकडे थोडा अधिक वेळ पाहत राहिला, आणि मग दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

तो पहिला दिवस मी विसरणे शक्य नाही. दोन्ही काठांवर जांभळीच्या आणि करंजाच्या फांद्या पाण्यापर्यंत झुकल्या होत्या. माझ्या गुडघ्यांसमोर यंत्राचा पडदा होता. त्यावर खोलीचे आकडे बदलत. दीड, पावणेदोन, एकदम चार. आकडा बदलला की मी तो मोठ्याने म्हणत असे आणि मागून दोरीला एक हलका हिसका येई. ऐकलं, असा त्याचा अर्थ. मध्येच मी आरशात पाही. मागची दोरी कधीच अडकलेली नसे. आरशात मला दिसे तो इनासच, डोक्यावर गवती टोपी, वल्हे मारताना तोंडाने काहीबाही बोलत असलेला. नवल असे की मला त्याचे सारे बोलणे कळत होते. त्या डोहात त्याला त्याच्या वडिलांनी पोहायला टाकले होते, तो आंबा एका विजेत जळला, तुझ्या डोक्यावर खंड्याने घाण केली आहे, हलू नकोस. मी त्याला उत्तरे देत होतो. आवाज खपत नाही म्हणणारा माणूस दिवसभर बोलतो कसा, हा प्रश्न मला पडला नाही. गेल्या तीन वर्षांत एवढ्या सुखाने मी कोणाशी बोललो नव्हतो, एवढेच जाणवत होते.

दुपार कलताना तांबडा दिवा लुकलुकला, आणि लगेच काठीवरचे लाल फडके थरथरले. अर्ध्या घटकेने त्याने खडस मासा कडेला आणला. हातभर लांब, आणि प्रत्येक खवला जुन्या सोन्याच्या पुतळीसारखा. इनासने ओल्या हाताने गळ सोडवला, त्याला पाण्यातच धरून प्रवाहाकडे तोंड केले, आणि मला खुणावले. मी हात जोडले. मासा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मध्यान्ही आम्ही एका वस्तीसमोर थांबलो. पलीकडच्या काठावर दोन बायका धुणे धूत होत्या. आमच्या काठापासून वीसेक हातांवर पात्राच्या मधोमध एक सपाट कातळ होता, आणि गुडघाभर पाण्यातून तेथे जाता येत होते. माध्याह्न संध्येला याहून सुंदर स्थान मिळणार नव्हते. इनास चुलीला दगड मांडत होता. जॅकेट काढू नको, दोरी सोडू नको, असे त्याने बजावले. नारिंगी जॅकेट घालून अर्घ्य देणारा मी त्या नदीवरचा पहिलाच ब्राह्मण असेन, असे मी म्हणालो. देव रंग बघत नाही, असे त्याने उत्तर दिले.

मी आचमन केले, अर्घ्य दिले, आणि डोळे मिटून गायत्रीच्या जपाला बसलो. एकशे आठ, बोटांच्या पेरांवर.

ब्याऐंशीव्या जपाला दोरीला हिसका बसला. एक, दोन, तीन.

त्याचा अर्थ मला पूर्णपणे ठाऊक होता, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु सातव्या वर्षी मुंज झाल्यापासून मी जप मध्येच तोडला नव्हता. सव्वीस उरले होते. भात उतू जात असेल, किंवा मासा दिसला असेल, सव्वीस जपांनी काय बिघडणार आहे, असा विचार मी केला आणि डोळे उघडले नाहीत. पुन्हा तीन हिसके आले. मी ब्याण्णवपर्यंत पोहोचलो होतो. मांडीखालचा कातळ ओला झाल्यासारखा वाटला, तेव्हा अर्घ्याचे पाणी असेल असे मी मानले.

मग हिसका असा आला नाही. दोरी ताणली गेली ती ताणलेलीच राहिली, आणि मी आसनासकट पाण्यात ओढला गेलो. पाणी आता गुडघाभर नव्हते. पाय टेकेना. तपकिरी, पालापाचोळ्याने भरलेले पाणी माझ्या तोंडावरून गेले. जॅकेटने मला वर धरले, आणि निळी दोरी मला हातहात काठाकडे नेत राहिली. काठावर इनासने एक पाय करंजाच्या मुळात अडकवला होता. दोरी त्याच्या मनगटात रुतली होती.

मी वर आलो, खोकलो, आणि वळून पाहिले. कातळ दिसत नव्हता. माझे पळीपंचपात्र जेथे होते तेथून एक अख्खे झाड फिरत फिरत खाली चालले होते.

भयाचे रूपांतर माझ्यात नेहमीच रागात होते. मी इनासवर कडाडलो. “दोरी कसली ओढतोस? सरळ हाक मारता येत नव्हती?”

त्याने माझ्या खांद्यांना धरून मला आपल्याकडे वळवले, असे की ऊन त्याच्या चेहऱ्यावर पडावे. मग सावकाश, ओठ नीट उघडून तो म्हणाला, “मारली. त्या बायका पण मारतात. आणि भोंगा अजून वाजतोय, दामू.”

मी पलीकडे पाहिले. एक बाई दोन्ही हात हलवीत होती आणि तिचे तोंड सताड उघडे होते. दुसरीने पदराने कान झाकून घेतले होते. साऱ्या दरीत तो भोंगा भरून राहिला असला पाहिजे. माझ्यापुरती नदी नेहमीसारखी निःशब्द वाहत होती.

मी तेथेच ओल्या मातीत बसलो. कयाक त्याने आधीच वर ओढून ठेवली होती, आणि तिच्या टोकाचा आरसा आमच्याकडे वळलेला होता. त्यात त्याचा चेहरा अगदी स्पष्ट दिसत होता. तो आरसा दोरीसाठी नव्हताच. लाल फडके, तांबडा दिवा, उरावर हिसके देणारी ती निळी दोरी, माझ्या जॅकेटची एकुलती शिट्टी. मी वाजवली तर त्याला ऐकू येणार होती. त्याने वाजवून उपयोग नव्हता, म्हणून त्याने स्वतःसाठी घेतली नव्हती.

“केव्हापासून?” मी विचारले.

“तुझा रेडिओ,” तो म्हणाला.

आवाज बसला म्हणून मी माझा रेडिओ त्याच्याकडे तीनदा दुरुस्तीला दिला होता. तिसऱ्या वेळी तो परत आला तेव्हा खणखणीत वाजू लागला होता, आणि काय झाले होते असे विचारता इनास म्हणाला होता की, एक तार सुटली होती.

“त्यात कायबी बिघाड नव्हता,” तो आता म्हणाला. “तीन वेळा उघडला. मग मोठा स्पीकर घालून दिला. काय करणार?”

“तीन वर्षं गप्प राहिलास.”

“तू लपवत होतास. मी कोण उघडं करणार? म्हटलं, नदीवर नेऊ, तिथं सांगू. काल दिवसभर सांगणार होतो.” त्याने मनगटावरची दोरी सोडवली. खाली कातडे सोलवटले होते. “पण तू एवढा बोलत होतास काल. किती दिसांनी बोललास. म्हटलं, उद्या सांगू.”

मी त्याचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि माझ्या ओल्या उपरण्याची चिंधी फाडून बांधली. बराच वेळ आम्ही दोघेही पाणी उतरण्याची वाट पाहत बसलो.

“दहाबारा राहिले होते,” मी म्हणालो.

“आता म्हण की,” तो म्हणाला. “मी हाय इथं. भोंग्याकडं मी बघतो.”

मी डोळे मिटले आणि तो जप पहिल्यापासून केला.

घरी परतल्यावर मी सभेला पत्र लिहिले. आसन सोडत असल्याचे कळवले, आणि गेल्या वर्षीचे सातही पाठ मी ऐकलेले नाहीत, केवळ पाहिले आहेत, सबब ते पुन्हा ऐकावेत, अशी विनंती केली. ते वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. सातांपैकी दोघांना पुन्हा बसावे लागले. त्यांपैकी एक आज स्वतः परीक्षक आहे आणि दर वर्षी निकाल लागला की प्रथम मला येऊन सांगतो.

पत्र टाकले त्याच आठवड्यात इनास मला बेळगावला कानाच्या यंत्राच्या दुकानात घेऊन गेला. तेथील बाईंनी काचेवर पाच यंत्रे मांडली. हरभऱ्याएवढी, वालाएवढी, एक शंखासारखे. इनास चष्मा वर करून प्रत्येकावर वाकला. त्याचे ओठ मी पाहत होतो. वजन किती? बॅटरी किती वेळ? पाण्यात पडलं तर? हा माणूस रोज आंघोळीच्या आधी संध्येला बसतो की नंतर, हेही त्याने मला विचारून बाईंना सांगितले. त्या बाई कंटाळल्या नाहीत. तासाभराने त्याने एक निवडले. ते सर्वांत लहान नव्हते, महागही नव्हते.

बाईंनी ते माझ्या कानात बसवले आणि बारीकसा खटका फिरवला. पंख्याची घरघर आली. रस्त्यावरची रिक्षा आली. मग माझ्या शेजारून एक आवाज आला.

“आणि हे बंद करायचं बटण कुठाय, ते ह्याला नीट दाखवा. मी फार बोलतो.”

बाई हसल्या. मी मात्र त्या आवाजाकडे वळून पाहत राहिलो. तो खरखरीत झाला होता, शब्दाशब्दाला त्याला श्वास घ्यावा लागत होता, आणि वाक्याच्या शेवटी तो किंचित कापत होता. तीन वर्षे मी त्याचे ओठ वाचत आलो होतो. ओठ तेच होते. इनास म्हातारा झाला होता, आणि हे मला आत्ता कळत होते.

“काय झालं?” तो म्हणाला. “ऐकू येत न्हाई काय?”

“येतं,” मी म्हणालो. “बोल अजून.”